कॉम्प्युटर असेंबल करताय? एकमेकांना जुळणारे पार्ट असे निवडा

नांदेडला जा नाहीतर लातूरला, दुकानदार पहिल्यांदा विचारतो, "बजेट किती?" बजेट सांगाच, पण त्याआधी प्रोसेसर ठरवून जा. पुढचं बरंचसं त्याच्यावरच ठरतं.

१. प्रोसेसर आणि मदरबोर्ड: दोघांचं सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा, एकच हवी. इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरला एलजीए १७०० लागतं. एएमडीच्या रायझन ७००० आणि ९००० मालिकेला एएम५, तर जुन्या रायझन ५००० ला एएम४. सॉकेट जुळलं तरी बायोस (कॉम्प्युटर चालू करणारं, बोर्डातलंच सॉफ्टवेअर) विचाराच. बी६६० सारख्या बोर्डावर १४व्या पिढीचा प्रोसेसर नीट बसतो, पण बायोस जुना असेल तर स्क्रीन काळीच राहते. म्हणून दुकानातच अपडेट करून मागा.

आणखी एक, मॉडेलच्या शेवटचं अक्षर वाचा. आय५-१२४००एफ थोडा स्वस्त पडतो, कारण त्यात ग्राफिक्स, म्हणजे स्क्रीनवर चित्र पाठवणारा भाग, नसतं. वेगळं ग्राफिक कार्ड घेणार नसाल तर तो तुमच्या कामाचा नाही.

२. रॅम: एएम५ वर फक्त डीडीआर५ चालते. एलजीए १७०० चे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा रॅमच्या दोन्ही प्रकारांत मिळतात, पण एका बोर्डावर सहसा एकच प्रकार चालतो. डीडीआर४ आणि डीडीआर५ ची खाच वेगवेगळ्या जागी असते. पट्टी बसत नसेल तर जोर लावू नका. दोन पट्ट्या आणि चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या.

३. एसएसडी (फाइली साठवणारी वेगवान डिस्क): बोर्डाचा एम.२ स्लॉट, म्हणजे पट्टीसारखी एसएसडी बसवायची खाच, एनव्हीएमई हा वेगवान प्रकार घेतो ना, एवढं पाहिलं की पुरे.

४. कॅबिनेट आणि कूलर: बोर्डाचा आकार, ग्राफिक कार्डाची लांबी आणि कूलरची उंची, ही तिन्ही मापं कॅबिनेटच्या माहितीपत्रकाशी ताडून बघा. दिसायला पुढून बंद काचेचं कॅबिनेट झकास, पण मे महिन्यात परभणीत पारा ४२ च्या पुढे गेला की हवा आत-बाहेर खेळायला वाट नको का? माझ्या मते आपल्याकडे पुढून जाळीचंच घ्यावं. धूळ आत येणारच, म्हणून फिल्टर काढून धुता येईल असा बघा.

५. एसएमपीएस (सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा): इथे पैसे वाचवू नका. आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक कार्ड स्वतः ११५ वॅटच्या आसपास खातं, तरी ते बनवणारी एनव्हिडिया त्यासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या बिननावाच्या डब्यावर "५०० वॅट" छापलेलं असलं तरी भरवसा ठेवू नका. जुन्या मॉड्युलर (वायरी काढता-लावता येणाऱ्या) एसएमपीएसच्या वायरी नव्याला तर अजिबात लावू नका. टोकं सारखी दिसतात, आतली जोडणी वेगळी असू शकते, आणि मग हार्डडिस्क जळू शकते.

६. यूपीएस (लाईट गेल्यावर थोडा वेळ बॅटरीवर चालवणारा): लाईट जाते-येते तिथे तो हवाच. मात्र त्यावर लिहिलेलं ६०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) म्हणजे ६०० वॅट नव्हे. असे बरेच यूपीएस ३६० वॅटच देतात. ग्राफिक कार्ड असेल तर १००० व्हीएचा बघा, आणि घेण्याआधी त्यावर वॅटमध्ये किती लिहिलंय ते वाचा. घरातल्या प्लगला अर्थिंग आहे का, हेही वायरमनकडून तपासून घ्या.