कीर्तनाच्या व्हिडिओत आवाज आणि ओठ कसे जुळवावेत

कॅमेरा मंडपाच्या मागच्या टोकाला आणि आवाज मिक्सरवरून वेगळ्या रेकॉर्डरवर, हीच रीत चांगली. कॅमेऱ्याच्या माइकवर महाराजांपेक्षा पुढच्या ओळीतल्या आजोबांचा खोकला स्पष्ट येतो. पण मग घरी आल्यावर चित्र आणि आवाज जुळवत बसावं लागतं.

रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झवर ठेवा, कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेमवर, म्हणजे २५ चित्रांवर. मोबाइलने काढलं असेल तर क्लिप आधी स्थिर फ्रेमदरात बदलून घ्या, कारण मोबाइल मनाला येईल तसा फ्रेमदर बदलत असतो. जुळवणीची खूण म्हणून कॅमेऱ्यात दिसेल अशी सुरुवातीला एक टाळी, शेवटी एक टाळी. महाराजांना टाळी वाजवायला सांगायचा संकोच वाटत असेल तर एखाद्या टाळकऱ्याला गाठा. त्याने टाळ छातीसमोर धरून एकदा स्वच्छ वाजवला की काम झालं.

आता जुळवणी. "सॉफ्टवेअरमध्ये ऑटो सिंकचं बटण असतं, ते दाबा" हा सल्ला मला इतक्यांनी दिलाय की आता ऐकवत नाही. ते बटण रेकॉर्डरचा आवाज कॅमेऱ्याच्या आवाजाशी जुळवतं, चित्राशी नाही. आणि कॅमेऱ्याने आवाज उशिराच ऐकलेला असतो. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. कॅमेरा ४५ मीटरवर असेल तर आवाज १३१ मिलिसेकंद उशिरा पोचतो. २५ फ्रेमच्या चित्रात एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे तीन फ्रेमहून जास्त उशीर झाला. मंडपात मध्ये स्पीकर लावलेले असतील तर अंतर जवळच्या स्पीकरपासून मोजा, व्यासपीठापासून नाही.

माझी पहिली फजिती इथेच झाली. शाळेच्या मैदानावरचं कीर्तन होतं, कॅमेरा बराच मागे. ऑटो सिंक केलं, फाइल पाठवली. दुसऱ्या दिवशी निरोप आला, "महाराजांचं तोंड आधी हलतंय." मग मी रात्रभर बसून आवाज आधीच्या बाजूला ओढला, तोही ब्लूटूथ हेडफोन कानात घालून. ब्लूटूथ स्वतःच आवाज उशिरा देतो. मी तो उशीरही फाइलमधला समजून कापत गेलो. परत पाठवलं तर निरोप पहिल्याहून वाईट: "आता बोलायच्या आधीच ऐकू येतंय." तेव्हापासून जुळवताना तारेचा हेडफोन. यात तडजोड नाही.

हा दुसरा निरोप वाईट का, ते समजून घ्या, म्हणजे चूक झालीच तर कोणत्या बाजूला झालेली चालेल ते कळेल. नदीच्या पलीकडच्या काठावर कुणी धुणं आपटताना पाहिलंय ना? कपडा दगडावर पडलेला दिसतो, हात परत वर जायला लागतो, आणि मग 'धप्' ऐकू येतं. विजेचंही तसंच. लांबून येणारा आवाज दृश्याच्या मागे राहतो याची आपल्याला लहानपणापासून सवय असते. आवाज आधी आणि कृती नंतर, असं मात्र आपण कुठेच पाहिलेलं नसतं. म्हणून उशीर खपतो, घाई खपत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीतले आकडेही हेच सांगतात: आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला की प्रेक्षकाला जाणवायला लागतो, उशीर मात्र १२५ पर्यंत लक्षात येत नाही. शंका आली तर आवाज चित्राच्या एक फ्रेम मागे ठेवा, पुढे कधीच नको.

प्रत्यक्ष जुळवायचं ते व्हिडिओ चालवून नाही. एकेक फ्रेम सरकवत जा. टाळाच्या दोन वाट्या जवळ येताना धूसर दिसतात. ज्या फ्रेममध्ये त्या पहिल्यांदा चिकटलेल्या दिसतात ती पकडा. आवाजाच्या रेषेत टोकाचा कळस धरू नका, चढ जिथे सुरू होतो ती जागा धरा. ती त्या फ्रेमवर आणून ठेवा.

टाळी राहूनच गेली असेल तर ओठ बघावे लागतात, आणि तिथे शब्द निवडता आला पाहिजे. 'विठ्ठल'वर जुळवायला जाऊ नका, त्यात ओठ मिटतच नाहीत. 'पांडुरंग', 'पुंडलिक', 'माउली' शोधा. प, ब, म म्हणताना ओठ पूर्ण मिटतात आणि सुटतात. प किंवा ब असेल तर ओठ सुटल्याची फ्रेम धरा, आवाज तिथेच फुटतो.

आणि आता ज्याने मला सगळ्यात जास्त फसवलं ते. कानाला दोन 'टक्'मधली दोन-तीन मिलिसेकंदांची फटही कळते, डोळ्याला त्याच्या कितीतरी पट जास्त वेळ लागतो. त्यामुळे वाटतं, कान एवढा तल्लख आहे तर ऐकून-बघून ठरवू. पण दोघांची सांगड घालणारा मेंदू फार सोशिक आहे. चुकीचा व्हिडिओ काही मिनिटं सलग बघितला की तो त्या अंतरालाच 'एकाच वेळी' म्हणायला लागतो. २००४ साली जपानमधल्या संशोधकांनी हे प्रयोगात दाखवलं. मला ते रात्री दोन वाजता, सातव्यांदा तोच अभंग बघताना कळलं. सगळं बरोबर वाटत होतं. सकाळी चहा घेऊन बसलो आणि पहिल्याच ओळीला चूक दिसली.

म्हणून पहिल्या दहा सेकंदांत जे वाटेल तेच खरं धरा. नाहीतर उठा, दुसरी कामं करा, मग या. घरातल्या कुणाला तरी न सांगता दाखवलंत तर आणखी बरं. "जुळतंय का" असं विचारलंत की माणूस हो म्हणतो.

शेवटची टाळी तपासा. रेकॉर्डर आणि कॅमेरा यांच्या घड्याळांत दहा लाखांत २० इतका जरी फरक असला, तरी दोन तासांच्या कीर्तनात १४४ मिलिसेकंद साठतात. शेवटाला आवाज सरकलेला दिसला तर पूर्ण ट्रॅक तेवढा ताणा किंवा आखडा. मध्ये तुकडे करून ढकलू नका, पखवाजाची लय तुटलेली लगेच ऐकू येते.

मग फाइल पाठवून द्या. कुणाचा तरी फोन येईल की आमच्या टीव्हीवर आवाज पुढे पळतोय. बरेच टीव्ही चित्रावर प्रक्रिया करताना ते उशिरा दाखवतात. त्याला आवाजाच्या सेटिंगमध्ये 'ऑडिओ डिले' शोधायला सांगा. फाइलला हात लावू नका.