न केलेल्या अतिवेगाचे चलान आले तर

मोबाइलवर ई-चलानाचा संदेश आला की बरेच वाहनधारक कटकट नको म्हणून लगेच पैसे भरून टाकतात, आणि काही जण संदेश पुसून स्वस्थ बसतात. चलान खरोखरच चुकीचे असेल तर या दोन्ही गोष्टी आपल्याच विरुद्ध जातात. दंड भरणे म्हणजे गुन्हा मान्य करून तडजोड करणे होय, आणि एकदा ती झाली की तक्रारीला फारसा आधार उरत नाही. दुसरीकडे, दुर्लक्षित चलान गाडीच्या नोंदीवर तसेच राहते आणि गाडी विकताना किंवा नाव बदलताना आडवे येते. म्हणून पैसे भरण्यापूर्वी चलान नीट वाचावे आणि चूक नेमकी कोठे आहे हे ठरवावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

संदेश खरा आहे की नाही, हे सर्वांत आधी पाहावे. चलानाच्या नावाखाली व्हॉट्सॲपवर एपीके फाइल (उघडताच मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाइल) पाठवून बँक खाती रिकामी करण्याचे प्रकार खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचले आहेत. अशी फाइल कधीही उघडू नये. उघडली गेली असल्यास तत्काळ १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे. खरे चलान पाहण्यासाठी महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक ॲपवर स्वतः जाऊन गाडीचा क्रमांक आणि चेसिस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार अंक भरावेत. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ असा असतो, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ फसवणूक टळते.

चलान खरे निघाले तर त्यासोबतचे छायाचित्र मोठे करून पाहावे, कारण निम्म्याहून अधिक काम तेथेच होते. सेलूला राहणाऱ्या माझ्या मेव्हण्यांच्या स्कूटरवर गेल्या पावसाळ्यात समृद्धी महामार्गावरील अतिवेगाचे चलान आले. समृद्धीवर दुचाकी आणि तीनचाकी वाहनांना प्रवेशच नाही, त्यामुळे चूक उघड होती. तरीही ते पैसे भरायला निघाले होते, कारण पोलिसांशी वाद नको. छायाचित्र मोठे केले तेव्हा त्यात पांढरी चारचाकी दिसली. तिच्या नंबर प्लेटच्या खालच्या कडेला काळ्या मातीचा चिखल वाळून घट्ट बसला होता आणि बीडच्या ‘एमएच २३’ मधील तीनचा खालचा भाग त्याखाली दडल्यामुळे परभणीचे ‘एमएच २२’ वाचले गेले होते. पुढची अक्षरे आणि अंक तंतोतंत जुळत होते.

मराठवाड्यात ‘एमएच २०’ ते ‘एमएच २६’ असे लागोपाठचे क्रमांक शेजारशेजारच्या जिल्ह्यांना आहेत, त्यामुळे एका अंकाच्या गफलतीने छत्रपती संभाजीनगरचे चलान नांदेडला पोहोचू शकते. इंग्रजी ‘बी’ आणि आठचा आकडा, किंवा ‘डी’ आणि शून्य, यांचीही अशीच गल्लत होते. छायाचित्रातील गाडीचा प्रकार, रंग, कंपनी, काचेवरील मजकूर आणि मागच्या बाजूचे ओरखडे हे सर्व आपल्या गाडीशी ताडून पाहावे. क्रमांक हुबेहूब आपलाच आणि गाडी मात्र दुसरीच असेल, तर कोणी आपल्या क्रमांकाची बनावट प्लेट वापरत असण्याची शक्यता आहे. तेव्हा केवळ चलानाची तक्रार पुरेशी नाही. जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी फिर्याद देऊन तिची पोच घ्यावी, कारण उद्या त्या गाडीने अपघात केला तर विचारणा आपल्याकडेच होईल.

गाडी आपलीच आहे, पण त्या वेळी ती तेथे नव्हती, असे म्हणणे असेल तर पुरावा त्याच दिवशी जमवायला लागावे. फास्टॅगच्या खातेउताऱ्यात टोल नाक्याचे नाव आणि वेळ असते. मोंढ्यात माल नेला असेल तर वजनकाट्याच्या पावतीवर गाडी क्रमांक आणि वेळ असते, आणि ही पावती मला फार मोलाची वाटते, कारण ती तिसऱ्याच माणसाने दिलेली असते. पेट्रोल पंपाचे बिल, गॅरेजचे जॉबकार्ड, मालवाहू गाडीच्या जीपीएसची नोंद यांचाही उपयोग होतो. पंपावरचे किंवा दुकानातले सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते, म्हणून ते आधी मागावे.

तक्रार ॲपवर किंवा संकेतस्थळावरील तक्रार विभागात नोंदवता येते. त्याशिवाय जिल्ह्याच्या वाहतूक शाखेत, किंवा चलान महामार्ग पोलिसांचे असेल तर त्यांच्या कार्यालयात, लेखी अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यावी. अर्जात रागाला आणि रस्त्यांच्या दुरवस्थेला जागा देऊ नये. मेव्हण्यांच्या अर्जाचा गाभा एवढाच होता: “चलानात नमूद केलेला वाहन क्रमांक माझ्या दुचाकीचा आहे. चलानासोबतच्या छायाचित्रात चारचाकी वाहन असून त्याच्या नंबर प्लेटवरील जिल्हा क्रमांकाचा दुसरा अंक चिखलाने झाकलेला आहे. माझ्या दुचाकीच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत आणि समोरून व मागून काढलेली छायाचित्रे सोबत जोडली आहेत. तरी सदर चलान रद्द करावे, ही विनंती.” वर चलान क्रमांक, दिनांक, वेळ आणि ठिकाण होते.

गाडीही आपली आणि रस्ताही तोच, परंतु वेग चुकीचा नोंदवला गेला असे वाटत असेल, तर काम अवघड होते. ‘मी एवढ्या जोरात चालवतच नाही’ या म्हणण्याने काहीही साध्य होत नाही. केंद्र सरकारच्या ६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेनुसार दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर चालकाखेरीज आठपर्यंत आसनांच्या मोटारीला ताशी १०० किलोमीटर, तर मालवाहू गाडी आणि मोटारसायकल यांना ८० किलोमीटरची कमाल मर्यादा आहे. राज्याला आणि स्थानिक प्रशासनाला त्याहून कमी मर्यादा ठरवता येते. म्हणून चलानावर कोणती मर्यादा धरली आहे आणि आपल्या गाडीचा वर्ग बरोबर लिहिला आहे का, हे तपासावे. सोलापूर–धुळे महामार्गावर बीडच्या अलीकडे-पलीकडे मोटार ९२ च्या वेगाने गेली आणि चलानात मालवाहू गाडीची मर्यादा लावली असेल, तर आक्षेप वर्गावर घ्यावा. मात्र त्या टप्प्यात ८० चा फलक नाही ना, हे जाऊन पाहावे आणि फलकाचे, किंवा तो नसल्यास मोकळ्या जागेचे, छायाचित्र काढावे.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत ११ ऑगस्ट २०२१ रोजी १६७-अ हा नियम जोडला गेला. वेग मोजणाऱ्या यंत्राला मान्यता प्रमाणपत्र असावे आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हावे, अशा ठिकाणाआधी सूचनाफलक असावेत, आणि गुन्ह्याची सूचना घटनेपासून १५ दिवसांच्या आत पाठवावी, असे त्यात म्हटले आहे. प्रमाणपत्राची प्रत माहिती अधिकारात मागता येते. महाराष्ट्रात त्यासाठी १० रुपयांचे शुल्क असून अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लिहावा लागतो; उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. सूचना उशिरा आली एवढ्याच कारणाने चलान आपोआप रद्द होईल असे मात्र समजू नये. तो मुद्दा मुख्य आक्षेपाच्या जोडीला मांडावा.

तक्रार फेटाळली गेली तरी दंड भरणे भाग आहे असे नाही. प्रकरण न्यायालयात गेल्यावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर गुन्हा नाकबूल करता येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ नुसार अतिवेगासाठी हलक्या मोटार वाहनाला १,००० ते २,००० रुपये आणि मध्यम वा अवजड वाहनाला २,००० ते ४,००० रुपये दंड आहे, हे लक्षात घेऊन वकिलाच्या खर्चाचा हिशेब आधीच करावा. महिलांना तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. लोकअदालतीची नोटीस आली तर तेथे तडजोड होते, चूक-बरोबर ठरत नाही, आणि तिच्या निवाड्यावर अपीलही नसते. ज्याने गुन्हा केलेलाच नाही, त्याने सवलतीच्या मोहाने तेथे सही करू नये.

मेव्हण्यांचे चलान रद्द झाल्याचे कोणी कळवले नाही. दर आठवड्याला संकेतस्थळ पाहत राहिल्याने ते समजले. थकबाकी शून्य दाखवणाऱ्या त्या पानाची छापील प्रत आता नोंदणी प्रमाणपत्राच्या प्रतीसोबत स्कूटरच्या डिक्कीत ठेवलेली आहे.