सत्काराच्या दिवशी खुर्च्या कोणी उचलायच्या?

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या कॅरम क्लबात दरवर्षी कार्यकर्त्यांचा सत्कार व्हायचा. शाल, श्रीफळ आणि दोन भाषणं. टाळ्या संपल्या की ज्यांचा सत्कार झाला तेच काका शाल घडी करून बाजूला ठेवायचे आणि खुर्च्या रचायला लागायचे. मी खजिनदार. नारळांचा खर्च पंधरा वर्षं मीच वहीत लिहिला आणि मला त्यात काही खटकलं नाही.

खटकलं ते कॅनडात. मुलगी विंडसरला असते, नदीच्या पलीकडे अमेरिकेचं डेट्रॉइट. तिनं मला कर्लिंग बघायला नेलं. वीस किलोपर्यंतचा ग्रॅनाइटचा दगड बर्फावरून सरकवायचा, त्याच्यापुढे दोघांनी झाडू घासत पळायचं आणि तो लांबवरच्या गोलात नेऊन थांबवायचा. मला आधी वाटलं, दिवाळीची साफसफाईच चाललीय. त्या दिवशी अलीकडच्या आणि पलीकडच्या क्लबांचा दोस्तीचा सामना होता, पण खेळत होते ते हिशेब लिहिणारे, दारं उघडणारे आणि बर्फ तयार करणारे. हा बर्फवाला एरवी पाठीवर टाकी बांधून पाण्याचे थेंब शिंपडतो. ते गोठून दाणे होतात आणि दगड त्या दाण्यांवरून चालतो. म्हणजे आपली बोरिक पावडरच. क्लबातले पट्टीचे खेळाडू कुठे होते? आत, कप विसळत.

परत आल्यावर आम्ही हेच बडोदा विरुद्ध इंदूर असं केलं. तुम्हाला करायचं असेल तर सांगते.

आधी यादी. ती कमिटीला विचारून करू नका. क्लबची किल्ली कोणाकडे असते, बोर्डावरचा दिवा गेला की फोन कोणाला जातो, चहाची उधारी कोण लक्षात ठेवतं, हे विचारा. कमिटीनं मला चार नावं दिली होती, अशी विचारपूस केल्यावर अकरा निघाली. त्यातल्या एक बाई स्पर्धेच्या दिवसांत रोज घरून पोहे करून पाठवायच्या आणि त्यांनी क्लबाचा उंबरा कधी ओलांडलेला नव्हता.

समोरचा क्लब बाहेरच्या राज्यातलाच घ्या. गावातल्या क्लबाशी जुनी भांडणं असतात, मागच्या वर्षीचा फाऊल आजही निघतो. पलीकडचा आला की तो पाहुणा होतो. शिवाय बडोदा-इंदूर हे जुनं प्रकरण आहे. 1946 साली रणजीच्या अंतिम सामन्यात इंदूरच्या होळकर संघानं आम्हाला हरवलं आणि पुढच्याच वर्षी इथे बडोद्यात आमच्या विजय हजारे आणि गुल महंमद यांनी 577 धावांची भागीदारी करून ते फेडलं. तेव्हा ही दोन संस्थानं होती, म्हणजे सीमा तेव्हाही होतीच. 577 हा आकडा माझ्या सासऱ्यांना पाठ होता. त्या सामन्यात रोलर कोणी ओढला, ते मात्र त्यांना सांगता यायचं नाही.

पत्रात एक वाक्य ठळक लिहा: चांगले खेळाडू खेळायला पाठवू नका. आम्ही हे नुसतं फोनवर सांगितलं होतं, तर तिकडून आनंदानं कळवलं, "आमचा नंबर एक येतोय." मग त्याला यायला सांगितलं, पण चहा गाळायला.

इंदूरहून अवंतिका एक्सप्रेस अपरात्री बडोद्याला येते. स्टेशनवर जायला नेहमी काकाच जातात. या वेळी आमचा चॅम्पियन गेला. जांभया देत गेला, पण गेला.

नियम हलके ठेवा. पंचवीस गुणांचा किंवा आठ बोर्डांचा पूर्ण गेम नको, या लोकांचा सराव तेवढा नसतो. डबल्स, चार बोर्ड, राणीचे तीन गुण, आणि जोडीवार जिंकणं-हरणं न धरता सगळ्यांचे गुण एकत्र मोजा. स्कॉटलंड आणि कॅनडामध्ये 1903 पासून चाललेला कर्लिंगचा स्ट्रॅथकोना चषक असाच एकूण गुणांवर ठरतो. याचा फायदा असा की शून्यावर अडकलेल्या जोडीलाही शेवटच्या सोंगटीपर्यंत भाव असतो. पंच ठेवू नका. कर्लिंगमध्ये चुकून दगडाला झाडू लागला तर खेळाडू स्वतःच सांगतो. आमच्याकडे पहिल्या दोन बोर्डांत कोणी सांगितलं नाही. तिसऱ्यात पोहेवाल्या बाईंनी "माझा स्ट्रायकर गेला हो भोकात" असं मोठ्यानं म्हटलं आणि मग सगळेच सांगायला लागले.

खरी अडचण वेगळीच. यांना बसवून ठेवणं! चॅम्पियननं बोर्डावर इतकी पावडर टाकली की भाकरी थापता आली असती. काका फडकं घेऊन उठलेच. म्हणून दंड ठेवा: सत्कारमूर्तीनं फडकं, किटली किंवा खुर्चीला हात लावला की दहा रुपये. काकांनी दिवसभरात चाळीस भरले, माझ्याकडे पावती आहे.

राहायची सोय घराघरांतून होते, गाडीभाडं पाहुण्यांनी आपलं आपण काढावं. यावर फार चर्चा नको.

जेवणाचं कर्लिंगवाल्यांकडूनच घेतलं. तिथे खेळ संपला की दोन्ही संघ एका टेबलाला बसतात आणि जिंकलेले हरलेल्यांना पाजतात. आम्ही नऊ गुणांनी जिंकलो, म्हणून सेव-उसळ आमच्याकडून. इंदूरकरांनी स्वतःची शेव बरोबर आणली होती आणि आमच्या उसळीवर तीच घातली. मी काही बोलले नाही.

रात्री खुर्च्या दोन्हीकडच्या खेळाडूंनी रचल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी क्लब उघडला आणि त्या सगळ्या उतरवून पुन्हा रचल्या. दंड लावला नाही. तो कालपुरताच होता.