पिस्तूल नेमबाजीची सुरुवात कशी करावी

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांचे 2010 चे जागतिक विजेतेपद आणि स्वप्नील कुसाळे यांचे 2024 चे ऑलिंपिक कांस्यपदक, ही दोन्ही यशे रायफलची आहेत. ज्यांना पिस्तूल हाती घ्यायचे आहे, त्यांनी राही सरनोबत यांची कारकीर्द अभ्यासावी. 2013 मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात आणि 2018 मध्ये आशियाई क्रीडा स्पर्धेत त्यांनी 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले.

सुरुवात मात्र 10 मीटर एअर पिस्तुलाने करावी. या प्रकारात 4.5 मिलिमीटरचे छर्रे वापरतात, 75 मिनिटांत 60 नेम साधायचे असतात आणि पिस्तूल एकाच हाताने, कोणत्याही आधाराविना धरावे लागते. कोल्हापुरातील दुधाळी येथील रेंजवर किंवा अन्यत्र प्रवेश घेतल्यावर प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली रेंजचेच पिस्तूल वापरावे. पहिल्याच महिन्यात परदेशी बनावटीचे महागडे पिस्तूल घेण्याची घाई पालक करतात, ती मला अनाठायी वाटते. मुलाच्या हाताची ठेवण स्थिरावल्याशिवाय मूठ कोणत्या मापाची घ्यावी हेच ठरत नाही. पुढे जुने पिस्तूल विकत घेताना हवेच्या सिलिंडरवरील तारीख अवश्य पाहावी, कारण मुदत संपलेले सिलिंडर स्पर्धेत चालत नाही.

नवोदितांचे लक्ष सहसा लक्ष्यावरील काळ्या वर्तुळावर खिळते आणि खरी चूक तेथेच होते. नजर फ्रंट साइटवर, म्हणजे नळीच्या पुढच्या टोकावरील खुणेवर असावी. ही खूण रिअर साइटच्या, म्हणजे पिस्तुलाच्या मागच्या बाजूच्या साइटच्या खाचेत दोन्ही बाजूंना सारखा उजेड सोडून, वरची कड समपातळीत ठेवून ठळक दिसावी आणि लक्ष्य धूसर दिसले तरी चालेल. दोन्ही साइटमधील अंतर 35 सेंटिमीटर धरल्यास त्यांच्या जुळणीतील एका मिलिमीटरची चूक दहा मीटरवर सुमारे 29 मिलिमीटरची होते, म्हणजे दहाऐवजी सात गुण पडतात. हात किंचित हलत असला तरी त्याने एवढे नुकसान होत नाही. म्हणून हात पूर्ण स्थिर होण्याची वाट पाहत ट्रिगर झटक्याने दाबण्यापेक्षा तो सावकाश, सरळ मागे दाबत राहावे. काही सेकंदांत नेम सुटला नाही, तर हात खाली घ्यावा आणि पुन्हा सुरुवात करावी.

हे अंगवळणी पडण्यासाठी ड्राय फायरचा, म्हणजे छर्रा न भरता ट्रिगर दाबण्याचा सराव रोज करावा. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून कोऱ्या भिंतीसमोर उभे राहावे आणि ट्रिगर सुटताना फ्रंट साइट हलते का, एवढेच पाहावे. समोर लक्ष्य नसल्याने गुणांचा मोह राहत नाही.

स्पर्धांची वाट जिल्हा व राज्य पातळीवरून अखिल भारतीय मावळणकर नेमबाजी स्पर्धेकडे आणि पात्रता गुण मिळाल्यास राष्ट्रीय स्पर्धेकडे जाते. 25 मीटरकडे वळण्याचा विचार एअर पिस्तुलावर पकड आल्यानंतरच करावा, तेथे .22 बोअरचे पिस्तूल लागते, त्यामुळे शस्त्र परवान्याची प्रक्रिया येते, काडतुसांचा खर्च वाढतो आणि स्पर्धेच्या उत्तरार्धात प्रत्येक नेमासाठी केवळ तीन सेकंद मिळतात. खर्चाचा प्रश्न बहुतेक घरांत याच टप्प्यावर उभा राहतो, म्हणून शिक्षण सोडू नये आणि क्रीडा आरक्षणासाठी स्पर्धांची प्रमाणपत्रे पहिल्यापासून जपून ठेवावीत. कुसाळे यांनीही रेल्वेतील नोकरी सांभाळूनच ऑलिंपिक गाठले.