काळीवरून कोलोराडोकडे: ग्रँड कॅन्यनच्या राफ्टिंगला निघताना या चुका टाळा

गणेशगुडीला काळी नदीत दोन-चारदा राफ्टिंग झालं की आपल्या बेळगाव-खानापूरकडची मंडळी अमेरिकेतल्या भावंडांबरोबर ग्रँड कॅन्यनचा बेत आखतात. अशाच एका बेताची यादी परवा पाहिली: टोप्या, ओआरएसची पाकिटं आणि सगळे सुती कपडे. उबेचं एकही वस्त्र नाही. मला काळजीच वाटली.

उन्हाळ्यात त्या दरीच्या तळाशी पारा चाळिशी ओलांडतो, हे खरं. पण तिथल्या कोलोराडो नदीचं पाणी वरच्या अंगाला असलेल्या ग्लेन कॅन्यन धरणाच्या खोल जलाशयातून सुटतं. वर्षानुवर्षं ते १० अंशांच्या आसपास राहिलंय. जलाशय आटला की थोडं तापतं, पण त्या भरवशावर जाऊ नका. अशा पाण्यात पडलं की आधी श्वास अडखळतो, मग काही मिनिटांत बोटांना दोर धरवत नाही. ओलं सुती कापड अंगातली ऊब ओढून घेतं. वेटसूट (ओल्या अंगालाही ऊब देणारा रबरी पोशाख) किंवा ड्रायसूट (पाणी आत येऊ न देणारा) हवाच.

सुपा धरणातून पाणी सुटलं तरच गणेशगुडीला राफ्ट निघते, हे आपल्याला ठाऊक आहे. कोलोराडोतही विजेच्या मागणीप्रमाणे पाणी रोज चढतं-उतरतं, आणि खालच्या मुक्कामांना तो फरक काही तासांनी पोचतो. संध्याकाळी भरल्या पाण्यात बांधलेली राफ्ट पहाटे वाळूवर सापडते, तीही सामानाने गच्च भरलेली. रात्री उठून दोर बघायची पाळी लावा.

कोरड्या घळीच्या तोंडाशी तंबू नको. डोक्यावर निरभ्र आभाळ असतं आणि दूरच्या पावसाचा लोंढा येतो, विशेषतः जुलै ते सप्टेंबरमध्ये. क्रिस्टल रॅपिड, म्हणजे तिथला एक खळाळता उतार, आज इतका अवघड आहे तो डिसेंबर १९६६ मध्ये अशाच लोंढ्याने आणून टाकलेल्या धोंड्यांमुळे.

नदी गढूळली की फिल्टर तुंबतो. पावसाळ्यात नळाला लाल पाणी आलं की आई करायची तेच तिथेही करतात: बादलीत तुरटी फिरवायची, रात्रभर गाळ बसू द्यायचा, मग वरचं निवळ पाणी फिल्टरमधून काढायचं.

गाइडशिवाय स्वतः राफ्ट न्यायची तर परवाना सोडतीतून मिळतो; मुख्य सोडत फेब्रुवारीत, पुढच्या वर्षासाठी. खासगी गटात जास्तीत जास्त १६ जण, आणि परवाना ज्याच्या नावावर त्याला सोबत यावंच लागतं. राफ्ट पाण्यात घालतात त्या लीज फेरीपासून ती बाहेर काढतात त्या डायमंड क्रीकपर्यंत अंतर सुमारे ३६० किलोमीटर आहे. तेवढं वल्हवणारा, पाण्याची धार वाचणारा माणूस गटात नसेल, तर अर्ज भरू नका. तिथल्या व्यावसायिक गाइडबरोबर जागा घ्या.