गिझर तापत नाही? थर्मोस्टॅट बदलण्याआधी या चुका टाळा

नागपुरात होळीनंतर बंद केलेला गिझर थेट दिवाळीनंतरच आठवतो. मग पहिल्याच गार सकाळी पाणी कोमट आलं, की खापर फुटतं थर्मोस्टॅटवर, म्हणजे ठरलेल्या तापमानाला गिझर थांबवणाऱ्या भागावर. बऱ्याचदा तो बिचारा ठणठणीत असतो.

आधी घड्याळ बघा. १५ लिटरचा, २००० वॅटचा गिझर १५ अंशांचं पाणी ६० अंशांवर न्यायला साधारण २५ मिनिटं घेतो. २९ डिसेंबर २०१८ ला इथला पारा ३.५ अंशांवर उतरला होता. अशा पहाटे गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच इतकं गार येतं की आणखी वेळ लागणारच. दहा मिनिटांत नळ सोडून ‘बिघडला’ म्हणू नका. आणि तापण्याचा लाल दिवा विझला म्हणजे गिझर बंद पडला असंही नाही. पाणी तापलं की तो विझतोच.

दुसरी चूक थर्मोस्टॅटचा नॉब ‘फुल्ल’ करण्याची. थर्मोस्टॅट फक्त कुठे थांबायचं ते ठरवतो, पाणी तापवणाऱ्या कॉइलचा जोर वाढवत नाही. पाणी लवकर तापत नाही, उलट जास्त तापमानाला क्षार भराभर बसतात. बेसा-पिपळ्याकडे ज्या लेआउटचं बोरवर भागतं, तिथे हे जास्त जाणवतं. कॉइलवर पांढरा, खडबडीत थर चढतो, पाणी उशिरा तापतं आणि आतून खडखड, सूं-सूं आवाज येतो. अशा वेळी नवा थर्मोस्टॅट टाकून पैसे वाया जातात. कॉइल काढून साफ करायला लागते. नॉब ५५-६० च्या आसपास पुरे.

पाणी अजिबातच तापत नसेल, तर कटआउट, म्हणजे पाणी प्रमाणाबाहेर तापलं की वीज तोडणारा सेफ्टी स्विच, उडालेला असू शकतो. मेन स्विच बंद करून झाकण उघडलं, की बऱ्याच मॉडेलमध्ये थर्मोस्टॅटजवळ छोटं रिसेट बटण दिसतं. एकदा दाबून बघायला हरकत नाही. पुन्हा उडालं, तर थर्मोस्टॅट चिकटून पाणी प्रमाणाबाहेर तापत असेल. इथे मात्र तो बदलाच. ‘कटआउट काढून डायरेक्ट करून देतो’ म्हणणारा मेकॅनिक दारातूनच परत पाठवा. थर्मोस्टॅट चिकटलेला आणि कटआउट नाही, म्हणजे पाणी उकळत राहणार, टाकी फुटूही शकते.

गिझर लावताच ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, पडतो? बहुतेकदा कॉइलला तडा जाऊन करंट पाण्यात उतरत असतो. ईएलसीबी बायपास करून अंघोळीला जाणारे लोक आहेत, काय बोलावं त्यांना!

प्लग ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये नको. २००० वॅटला पावणेनऊ अँपिअर करंट लागतो, म्हणून १६ अँपिअरचंच सॉकेट हवं. सीझनला पहिल्यांदा लावताना आधी गरम पाण्याचा नळ सोडा, धार भरून आली की मगच स्विच टाका. तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब-थेंब गळतं, ते गळू द्या. पाणी तापलं की फुगतं, त्याची वाट तीच. एम-सील लावून ती बुजवू नका.