चढावर इंजिन नॉक होत होतं: डायरेक्ट इंजेक्शन ट्रकचा माझा अनुभव

पेट्रोलवरचा पिकअप ट्रक. माल भरलेला, समोर चढ, इंजिन 1500 ते 2000 आरपीएमवर. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज. हाच नॉक: सिलिंडरमधलं इंधन अवेळी पेटल्याचा. सकाळी थंड इंजिन सुरुवातीला अडखळायचं ते वेगळंच.

प्लग बदलले, कॉइल बदलल्या. जास्त ऑक्टेनच्या (नॉकला जास्त दाद न देणाऱ्या) पेट्रोलने आवाज दबला, पण साधं भरलं की पुन्हा तेच. टाकीत क्लीनर ओतून ओतून वैतागलो. नंतर डोक्यात प्रकाश पडला: पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, इनटेक व्हॉल्व्हला (हवा आत सोडणाऱ्या झडपेला) ते शिवतच नाही. मग तिथे साचलेला कार्बन धुणार काय?

मग या क्रमाने केलं. इंजिन गार झाल्यावर बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली, इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांकडे हवा नेणारा नळ्यांचा भाग) उतरवला. क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून, इंजिन फिरतं त्याच दिशेने फिरवत, हातातल्या सिलिंडरचे इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण बंद केले. इथे चूक झाली तर कचरा थेट आत! बाकीचे पोर्ट (हवा आत जायच्या वाटा) कापडाने बुजवले (कापडं मोजून घाला, मोजून काढा). अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारला, व्हॅक्यूम सोबत चालू. व्हॉल्व्हच्या दांड्यावरचा डांबरासारखा थर निघून धातू दिसला. हवा मारली, टॉर्चने तपासलं, मगच पुढचा सिलिंडर.

नवी गॅस्केटं घातली, बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळले. पीसीव्ही व्हॉल्व्हही (इंजिनच्या तळातली वाफ इनटेककडे सोडणारा) बदलला, कारण तेलाची वाफ तिथूनच येते. शेवटी टाकीत पीईए (पॉलिइथरअमाइन, कार्बन सोडवणारं रसायन) असलेलं क्लीनर. पिस्टनच्या माथ्यावरच्या कार्बनसाठी मात्र ते उपयोगी पडतं.

तोच चढ, तेवढाच माल, साधं पेट्रोल. आवाज गेला.